माणसं घेऊन जाणारं रॉकेट घरातून पाहताना

प्रश्न असा आला आहे: "मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी अंतराळवीरांची उड्डाणं थेट पाहायचा प्रयत्न करतोय. दोनदा तासभर ताटकळलो आणि ऐनवेळी उड्डाण रद्द झालं. तिसऱ्यांदा झालं, पण मिनिटभरात रॉकेटचा ठिपका झाला आणि मग नुसते आकडे आणि न कळणारी बोलणी. मुलगी सारखी विचारत होती, 'आता ते कुठे आहेत?' मला काही सांगता येईना. घरी बसून हे नीट पाहायचं कसं?"

तुमच्या मुलीने नेमका प्रश्न विचारलाय. त्याला फक्त एक जोड द्या: आता ते कुठे आहेत, आणि या क्षणी काही बिघडलं तर ते परत कसे येतील? उपग्रह नेणाऱ्या रॉकेटला हा दुसरा प्रश्न लागू नसतो. आत माणसं असली की मात्र दार बंद झाल्यापासून कक्षेत पोचेपर्यंत प्रत्येक सेकंदाला या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर असावं लागतं, आणि रॉकेट वर जाईल तसं ते उत्तर बदलत जातं. तुम्हाला जी न कळणारी बोलणी वाटली, त्यातली बरीचशी म्हणजे ही उत्तरंच असतात. ती ओळखू यायला लागली की ठिपका दिसेनासा झाल्यावरही पाहण्यासारखं खूप उरतं.

स्पेस शटलच्या, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पंखवाल्या यानाच्या, शेवटच्या काही वर्षांपासून मी ही उड्डाणं घरातून पाहत आलेय. दर वेळी वही घेऊन बसते: डावीकडे वेळ, उजवीकडे काय दिसलं, काय ऐकू आलं. पुढे लिहिते ते बरंचसं त्या वह्यांमधलं आहे.

पहिली गोष्ट, उड्डाणाच्या पाच मिनिटं आधी बसू नका. तीन तास सलग बसायची गरज नाही, पण तीन तास आधी प्रसारण लावून ठेवा आणि ठरावीक वेळी येऊन बघा. सध्या सगळ्यात तपशीलवार प्रसारण स्पेसएक्स कंपनीच्या क्रू ड्रॅगन यानाचं असतं, म्हणून वेळा त्याच्या सांगते. साधारण अडीच तास आधी अंतराळवीर यानात शिरतात. खुर्च्यांना पट्टे बांधले जातात, सूटमध्ये हवा भरून ती गळते का ते तपासतात. दोन तास उरायच्या सुमाराला दार लावलं जातं. हे दार लावणं मुलीला नक्की दाखवा. काळ्या कपड्यांतले तंत्रज्ञ दाराच्या कडेच्या रबरी सीलवर अगदी वाकून, इंच इंच बघत असतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ड्रॅगनच्या क्रू-१ मोहिमेच्या वेळी दार लावल्यावर किंचित गळती दिसली. दार पुन्हा उघडलं तेव्हा सीलमध्ये बारीकसा कचरा सापडला. २०२२ मध्ये क्रू-५ च्या वेळी तर सीलवर एक केस सापडला होता. एक केस! तो काढला, दार लावलं, पुन्हा तपासणी केली. ज्यात थोड्या वेळाने शेकडो टन इंधन भरायचंय त्या रॉकेटवर बसवलेल्या यानापाशी कुणीतरी एका केसासाठी थांबतं, हे मुलांना जितकं पटकन भिडतं तितकी आग आणि धूर भिडत नाही, असा माझा अनुभव आहे.

मग पाऊण तास उरला की प्रत्येक विभागाला विचारलं जातं, इंधन भरायला तयार आहात का? एकेक जण "गो" म्हणतो. यानापर्यंत नेणारा पूल, म्हणजे अंतराळवीर चालत आले तो हात, बाजूला फिरतो. आणि अडतीस मिनिटांच्या आसपास एक वाक्य येतं, त्यासाठी कान टवकारून बसा: सुटकेची यंत्रणा सज्ज झाली. इंधन भरणं सुरू होतं ते यानंतर, साधारण पस्तिसाव्या मिनिटाला. हा क्रम मुद्दाम तसा ठेवलाय. ड्रॅगनच्या भिंतींत आठ सुपरड्रॅको इंजिनं बसवलेली आहेत. खाली रॉकेटला काही झालं तर ती पेटून यानाला रॉकेटपासून दूर ओढून नेतात आणि मग पॅराशूट उघडतात. म्हणजे इंधनाचा पहिला थेंब आत जायच्या आधीच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. रशियाच्या सोयूझ यानात आणि पूर्वी शटलमध्ये हे उलट: आधी रॉकेट पूर्ण भरायचं, मग माणसं चढवायची. ड्रॅगनला नेणाऱ्या फाल्कन ९ रॉकेटसाठी आधी माणसं, मग इंधन, असं ठरलं तेव्हा त्यावर बराच वाद झाला होता. मला स्वतःला ड्रॅगनचा क्रम पटतो, कारण भरणं चालू असताना पॅडवर, म्हणजे उड्डाणाच्या चौथऱ्यावर, दुसरं कुणीच नसतं आणि आत जे आहेत त्यांच्या हाताशी सुटका असते.

आता रद्द होण्याबद्दल, कारण तुमची निराशा तिथे झालीय.

फाल्कनमध्ये जो द्रवरूप ऑक्सिजन भरतात तो उणे २०७ अंशांच्या आसपास थंड केलेला असतो, उकळबिंदूच्याही बराच खाली, म्हणजे तेवढ्याच टाकीत जास्त मावतो. पण तो टाकीत गेला की तापायला लागतो. त्यामुळे शेवटच्या पस्तीस मिनिटांत कुठे थांबावं लागलं तर "दहा मिनिटं थांबून बघू" असं म्हणता येत नाही. दुसरं कारण ही यानं जिथे जातात त्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं. स्थानक विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करून फिरतं. त्याची कक्षा म्हणजे पृथ्वीभोवती तिरकी घातलेली कडी समजा, आणि आपली पृथ्वी त्या कडीच्या आत फिरतेय. उड्डाणाचं ठिकाण त्या कडीच्या बरोबर खाली येतं तेव्हाच निघायचं, नाहीतर कडीपर्यंत आडवं सरकण्यात इंधन संपेल. म्हणून वेळ सेकंदापर्यंत ठरलेली असते. ती चुकली की त्या दिवसाचा विषय संपला. आणि ती कडीसुद्धा हळूहळू सरकते, म्हणून दुसऱ्या दिवशीची वेळ साधारण वीस-पंचवीस मिनिटं अलीकडे येते. २७ मे २०२० ला डेमो-२ चं, म्हणजे माणसं घेऊन जाणाऱ्या पहिल्या ड्रॅगनचं, उड्डाण फ्लोरिडातल्या घड्याळाप्रमाणे दुपारी ४:३३ ला होतं. ते सतरा मिनिटं उरली असताना हवामानामुळे रद्द झालं. ३० मे ला रॉबर्ट बेन्केन आणि डग्लस हर्ली गेले ते ३:२२ ला. तीन दिवसांत एकाहत्तर मिनिटांचा फरक. मुलीला हा हिशेब करायला द्या, पुढच्या वेळी रद्द झालं तर नवी वेळ ती स्वतः अंदाजाने सांगेल.

हवामानाचं म्हणाल तर दोन वेगळी हवामानं असतात. एक पॅडवरचं. ऊन पडलेलं दिसतंय मग रद्द का केलं, असं लोक विचारतात. ढगात साठलेला विद्युतभार डोळ्यांना दिसत नाही, आणि वर जाणारं रॉकेट मागे सोडतं तो तप्त वायूंचा लांब पट्टा विजेला वाट करून देतो. १४ नोव्हेंबर १९६९ ला अपोलो १२ वर उड्डाणानंतर ३६ व्या आणि ५२ व्या सेकंदाला वीज पडली ती अशीच, रॉकेटने ओढवून घेतलेली. दुसरं हवामान मार्गावरचं. फ्लोरिडाहून स्थानकाकडे जाणारा मार्ग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून वर कॅनडाकडे आणि मग अटलांटिक ओलांडून जातो. या सगळ्या पट्ट्यात जिथे जिथे यान पाण्यात उतरू शकतं, तिथल्या लाटा आणि वारा मर्यादेत हवा. पॅडवर निरभ्र आकाश असताना हजारो किलोमीटर दूरच्या समुद्रापायी उड्डाण पुढे ढकललं जातं, कारण त्या ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसतं.

आणि कधी यंत्रं थांबवतात. २१ मार्च २०२४ ला सोयूझ एमएस-२५ वीसेक सेकंद उरले असताना थांबलं, एका बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) कमी भरला म्हणून. दोनच दिवसांनी, २३ मार्चला, ते व्यवस्थित गेलं. १ जून २०२४ ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना नेणारं बोइंगचं स्टारलायनर यान ३ मिनिटं ५० सेकंदांवर जमिनीवरच्या संगणकाने थांबवलं, गेलं ५ जूनला. शुभांशू शुक्लांच्या ॲक्सिऑम-४ या ड्रॅगन मोहिमेची तारीख २९ मे २०२५ पासून सरकत सरकत २५ जूनवर आली. वारा, मग रॉकेटमधली ऑक्सिजनची गळती, मग स्थानकाच्या रशियन भागातली गळती, अशी एकामागून एक कारणं होती. त्या महिन्यात मला कितीतरी जण वैतागून विचारायचे, यांना जमत नाहीये का? मी सांगायचे, ऑक्सिजन गळतोय हे त्यांना उड्डाणाआधी कळलं, म्हणजे जमतंय. रद्द झालेलं उड्डाणही वहीत लिहायचं, कारणासकट. माझ्या वहीत रद्द झालेल्यांची पानं कमी नाहीत, आणि रॉकेटबद्दल मी जास्त शिकले ती त्या पानांवरून.

आता प्रत्यक्ष उड्डाण.

तीन सेकंद उरले की फाल्कनची नऊ इंजिनं पेटतात, पण रॉकेट जागेवर पकडून ठेवलेलं असतं. संगणक नवाच्या नऊ इंजिनांवर नजर टाकतो, सगळं ठीक असेल तरच पकड सुटते. सुटल्यावर पहिल्या मिनिटात चित्र बघा, मनसोक्त बघा, पण कान उघडे ठेवून. अंतराळवीर आणि नियंत्रण कक्ष यांच्यात अधूनमधून दोनच शब्दांचं काहीतरी बोललं जातं: "वन अल्फा", मग "वन ब्राव्हो", पुढे "टू अल्फा", "टू ब्राव्हो". ही सुटकेच्या टप्प्यांची नावं. पहिला आकडा रॉकेटचा टप्पा, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन भागांपैकी आत्ता कुठला ढकलतोय ते; पुढचं अक्षर समुद्राचा पट्टा. वन अल्फा म्हणजे आत्ता बिघडलं तर फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत आणि वरच्या बाजूला कुठेतरी उतरू. टू-च्या पुढची अक्षरं म्हणजे किनाऱ्याने आणखी वर, कॅनडाच्या बाजूला. शेवटी "शॅनन" असं ऐकू येतं. शॅनन आयर्लंडमध्ये आहे. म्हणजे आता काही झालं तर अटलांटिक ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याजवळ. समोर एक नकाशा पसरून ठेवा आणि मुलीच्या हातात पेन्सिल द्या. शब्द ऐकला की बोट पुढे सरकवायचं. फ्लोरिडा ते आयर्लंड हे अंतर नऊ मिनिटांत बोटाखालून जातं, आणि "आता बिघडलं तर ते कुठे उतरतील" याचं उत्तर तीच तुम्हाला देते.

साधारण एका मिनिटाला "मॅक्स क्यू" म्हणतात. वेग वाढतोय पण हवा विरळ होतेय, या दोन्हींच्या ओढाताणीत रॉकेटवर हवेचा दाब सर्वांत जास्त असतो तो हा क्षण. अडीच मिनिटांनंतर पहिल्या टप्प्याची इंजिनं बंद होतात. तोपर्यंत अंतराळवीर स्वतःच्या वजनाच्या तिप्पट वजनाने खुर्चीत दाबले गेलेले असतात आणि ते वजन एका झटक्यात नाहीसं होतं. पुढचे काही सेकंद कसलंच इंजिन चालू नसतं. मग दुसऱ्या टप्प्याचं एकमेव इंजिन पेटतं. हे काही सेकंद मी अजूनही श्वास रोखूनच काढते. पडद्यावर तेव्हा इंजिनाचा भोंगा दिसतो, नायोबियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा, आणि तो तापून लालकेशरी होतो. नवखा माणूस हमखास म्हणतो, "अरे, हे जळतंय!" ते तसंच व्हायचं असतं, उष्णता बाहेर टाकायची त्याची हीच पद्धत आहे. त्याच्या आजूबाजूने पांढरे तुकडे तरंगत जातात, ते बहुतेक वेळा गोठलेला ऑक्सिजन. पॅडवर रॉकेटच्या अंगातून निघणारी वाफही उकळून बाहेर सोडलेल्या थंड ऑक्सिजनमुळेच दिसते. पहिल्या टप्प्याच्या उतरण्याचं चित्र मध्येच तुटलं तरी घाबरू नका. तो टप्पा माणसांपासून केव्हाच वेगळा झालेला असतो. प्रसारणात त्याचं कौतुक फार होतं आणि मला ते जरा खटकतं, कारण नेमक्या त्याच वेळी वरती माणसं कक्षेत शिरत असतात. पडदा दोन भागांत असेल तर मी दुसऱ्या टप्प्याचा भाग बघते.

आकड्यांना कंटाळलात असं लिहिलंय. तर आकडे असे वाचा. पहिला टप्पा सुटतो तेव्हा उंची सत्तर-ऐंशी किलोमीटर असते, म्हणजे वर जायचं काम बरंचसं उरकलेलं. पुढे उंची रेंगाळते, दोनशेच्या आसपास जवळजवळ थांबते, पण वेग मात्र वाढतच राहतो, वाढतच राहतो, ताशी सत्तावीस हजार किलोमीटरपर्यंत. रॉकेट आता जमिनीला समांतर धावतंय. अवकाशात जाणं म्हणजे वर जाणं अशी आपली समजूत असते. कक्षेत राहणं म्हणजे इतक्या वेगाने आडवं पळणं की पडता पडता पृथ्वीच खालून वळत जाते. हे सगळं त्या दोन आकड्यांच्या शर्यतीत दिसतं. मुलीला दर अर्ध्या मिनिटाला दोन्ही लिहून घ्यायला सांगा आणि नंतर आलेख काढा. माझ्या वहीतला पहिला आलेख काढला तेव्हा उंचीची रेष आडवी पडलेली बघून मी मोजण्यात चूक झाली असं समजून पुन्हा आकडे तपासले होते.

नवव्या मिनिटाच्या आसपास इंजिन बंद होतं आणि आत ठेवलेलं खेळणं तरंगायला लागतं. डेमो-२ मध्ये चमचमता डायनासोर होता, शुक्लांच्या चमूबरोबर हंसाचं पिल्लू, जॉय नावाचं. बाराव्या मिनिटाला यान दुसऱ्या टप्प्यापासून सुटतं. तोपर्यंत प्रसारण बंद करू नका.

स्टारलायनरचं गणित वेगळं आहे. ॲटलस रॉकेट त्याला मुद्दामच पूर्ण कक्षेत सोडत नाही, थोडं कमी पडेल अशा मार्गावर सोडतं. यानाचं स्वतःचं इंजिन एकतिसाव्या मिनिटाला पेटतं तेव्हा ते कक्षेत जातं. इंजिन पेटलंच नाही तर यान आपसूक खाली येतं, वर अडकत नाही.

सोयूझ पाहणं हा मात्र वेगळाच अनुभव, आणि मला तो जास्त आवडतो. कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून मोठ्याने उलटी मोजणी ऐकू येत नाही, कारण त्यांच्यात तशी पद्धत नाही. ठरल्या वेळेला ठरलेले शब्द उच्चारले जातात. "क्ल्युच ना स्तार्त", म्हणजे किल्ली प्रारंभावर. मग इंजिनं पेटताना जोराच्या पायऱ्या: "प्रेद्वारीतेल्नाया", "प्रोमेझुतोच्नाया", "ग्लाव्नाया", प्राथमिक, मधली, मुख्य. आणि शेवटी "पोद्योम", उचललं. रॉकेट खाली टेकलेलं नसतं, चार बाहूंनी कमरेत धरून लोंबकळत ठेवलेलं असतं. ते उचललं गेलं की बाहूंवरचा भार जातो आणि मागच्या वजनांमुळे बाहू फूल उमलल्यासारखे आपोआप मागे पडतात. दोन मिनिटांना थोडा वेळ असताना बाजूला जोडलेले चार बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देणारी रॉकेटं, एकदम सुटतात आणि आकाश स्वच्छ असेल तर त्यांचा धुराचा क्रूस दिसतो, त्याला सोव्हिएत रॉकेटतज्ज्ञ कोरोल्योव यांच्या नावावरून कोरोल्योवचा क्रूस म्हणतात. सोयूझमध्ये आतला कॅमेरा बघा. कमांडरच्या समोर दोरीला बांधलेलं छोटं खेळणं असतं. इंजिन ढकलत असतं तोवर दोरी ताठ, टप्पा बदलला की खेळणं हिसका खातं, आणि ८ मिनिटं ४८ सेकंदांच्या आसपास दोरी सैल पडते. भाषा येत नसली तरी त्या दोरीवरून सगळं कळतं.

११ ऑक्टोबर २०१८ ला मी तो आतला कॅमेराच बघत होते. सोयूझ एमएस-१०, आत अलेक्सेई ओव्चिनिन आणि निक हेग. दोन मिनिटांच्या जवळपास दोघं खुर्चीत एकदम जोराने हलले. मला वाटलं टप्पा सुटला. पण नियंत्रण कक्षातून दर काही सेकंदांनी येणारं "नोर्माल्नो", म्हणजे सगळं ठीक, थांबलं. ते थांबलं हे मला चित्राच्या आधी कानांनी कळलं. मग ओव्चिनिन अगदी सपाट आवाजात सांगू लागले की रॉकेट निकामी झालंय. झालं होतं असं: चारपैकी एक बूस्टर नीट सुटला नाही आणि मधल्या भागावर आदळला. बूस्टर वेगळा झाल्याची खूण देणाऱ्या जोडणीतली एक पिन जुळणी करताना वाकली होती, एवढं कारण. विशेष म्हणजे टोकावरचा सुटकेचा मनोरा, म्हणजे यानाला रॉकेटपासून ओढून काढणाऱ्या इंजिनांचा खांब, त्याच्या काही सेकंद आधीच टाकून दिलेला होता. तो गेल्यावर जबाबदारी यानाभोवतीच्या आवरणात बसवलेल्या छोट्या इंजिनांकडे जाते, आणि त्यांनी यान ओढून बाजूला काढलं. उतरताना दोघांवर जवळपास सातपट वजन आलं. वीसेक मिनिटांत ते झेझकाझगानजवळच्या माळावर उतरले, सुखरूप. उतरल्याची बातमी पोचेपर्यंत मात्र आम्हा पाहणाऱ्यांच्या हातात काहीच नव्हतं. माझ्या वहीत त्या पानावर फक्त दर मिनिटाची वेळ लिहिलेली आहे, समोर काही नाही. दोघंही मार्च २०१९ मध्ये क्रिस्टिना कॉकबरोबर पुन्हा गेले, तेही मी पाहिलं.

याच सुटकेच्या मनोऱ्याची आणखी एक गोष्ट आपल्याशी बांधलेली आहे. २६ सप्टेंबर १९८३ ला बायकोनूरच्या पॅडवर सोयूझला आग लागली. मनोऱ्याने व्लादिमीर तितोव आणि गेनादी स्त्रेकालोव यांना वर उचलून चारेक किलोमीटर दूर नेऊन उतरवलं, आणि मागे रॉकेटचा स्फोट झाला. सहा महिन्यांनी, ३ एप्रिल १९८४ ला, राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून गेले. त्यांच्या शेजारी बसलेले दोघे म्हणजे यूरी मालिशेव आणि हेच स्त्रेकालोव. गगनयानची तयारी पाहताना हे लक्षात ठेवा. इस्रोने २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून टीव्ही-डी१ ही चाचणी केली, ती याच सुटकेच्या यंत्रणेची होती. त्या दिवशीही पाच सेकंद उरले असताना संगणकाने मोजणी थांबवली, आणि दुरुस्ती करून सकाळी दहाला उड्डाण झालं. गगनयानचं एलव्हीएम-३ रॉकेट दोन मोठ्या घन इंधनाच्या बूस्टरांवर उठतं, प्रत्येकात सुमारे दोनशे टन इंधन. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. म्हणून गगनयान पाहाल तेव्हा टोकावरच्या मनोऱ्यावर नजर ठेवा आणि तो कधी टाकला जातो ती वेळ टिपून घ्या.

चीनच्या शेनझोऊ यानाची प्रसारणं छोटी असतात, पण सोडू नका. जिऊचुआनहून निघणाऱ्या त्यांच्या रॉकेटचं इंधन वेगळं असल्याने सुरुवातीला लालसर तपकिरी धूर दिसतो. ते काही बिघडल्याचं लक्षण नाही.

मुलीला आधीच एक गोष्ट सांगून ठेवा, आणि हे मी फार विचार करून लिहितेय. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर शटल ७३ व्या सेकंदाला नष्ट झालं. आत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिका होती, म्हणून कितीतरी शाळांमध्ये मुलं ते थेट बघत होती. शटलला मनोरा नव्हता. बाजूचे घन इंधनाचे बूस्टर जळत असेपर्यंत, म्हणजे पहिली दोन मिनिटं, "आता बिघडलं तर?" या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. शटलची उड्डाणं पाहताना बूस्टर सुटेपर्यंत मी कधी एक अक्षर बोलले नाही. नऊ वर्षांच्या मुलीला हे समजतं. धोका आहे, तो जाणाऱ्यांना माहीत आहे, आणि त्यासाठी काय काय करून ठेवलंय, हे तिन्ही एका दमात सांगा. यातलं काहीच न सांगता तिला फटाका बघायला बसवल्यासारखं बसवू नका.

आता सोयीच्या गोष्टी, भराभर. प्रसारण अवकाश संस्थेच्या किंवा रॉकेट उडवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत वाहिनीवरच बघा. मोठ्या उड्डाणाच्या दिवशी जुनी चित्रं "थेट" म्हणून दाखवून पैसे पाठवायला सांगणाऱ्या बनावट वाहिन्या उगवतात. पडद्यावर पैशांसाठी कुठला कोड दिसला की ती बनावट समजा. वेळ युटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिलेली असेल तर आपली वेळ काढताना तारीखही तपासा. मध्यरात्रीच्या आसपासच्या एका उड्डाणाला मी तारीख न बदलता वेळच बदलली आणि ते आदल्या रात्रीच होऊन गेलं. इंटरनेटवरचं प्रसारण काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत मागे असतं, म्हणून फोनवरच्या सूचना बंद ठेवा. नाहीतर इंजिनं पेटायच्या आधीच "यशस्वी!" असा निरोप येऊन पडतो. निवेदकांशिवायचं, फक्त नियंत्रण कक्षाचे आवाज असलेलं प्रसारण मिळालं तर तेच लावा. सुरुवातीला अवघड जातं, तिसऱ्या-चौथ्या उड्डाणाला सवय होते. पडदा लहान असला तरी चालेल, आवाज मात्र चांगला हवा.

यान सुटलं की लगेच संपलं असं नाही. शुक्लांचं यान स्थानकाला जोडलं जायला अठ्ठावीसेक तास लागले. सोयूझ काही वेळा तीन-साडेतीन तासांतच पोचतं. जोडणी पाहायला या. शेवटचे वीस मीटर यान इतकं हळू सरकतं की हलतंय की नाही ते कळत नाही, आणि मग पहिला स्पर्श झाल्याचं सांगतात. दार उघडायला आणखी तास-दोन तास जातात, कारण मधल्या जागेतली हवा गळते का ते पुन्हा तपासायचं असतं. पुन्हा तेच सील, तेच केस शोधणं.

आणि मग एक काम बाहेरचं. स्थानक तुमच्या गावावरून कधी जाणार ते नासाकडून आधी कळतं. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, जमिनीवर अंधार आणि चारशे किलोमीटरवर अजून ऊन, अशा वेळी ते न लुकलुकता जाणाऱ्या प्रखर ताऱ्यासारखं दिसतं. दुर्बीण लागत नाही. आभाळाच्या एका कडेला उगवतं, चार-पाच मिनिटांत डोक्यावरून सरकतं, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरलं की मध्यावरच विझून जातं. जोडणी व्हायच्या आधीच्या फेरीत आभाळ चांगलं काळं असेल तर स्थानकाच्या मागेपुढे आणखी एक फिकट ठिपका त्याच वाटेने जाताना दिसू शकतो. दहा मिनिटं आधी बाहेर जा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, आणि तिला विचारा, आता ते कुठे आहेत?